गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी असलेलं माणूस घरी आणताना

बाबांना घेऊन घरी आलो तेव्हा माझ्या हातात डिस्चार्ज कार्ड होतं, गोळ्यांची पिशवी होती आणि सक्शन मशीनचं न उघडलेलं खोकं होतं. आयसीयूत सिस्टर दिवसातून दहा वेळा सक्शन करायच्या, म्हणजे नळीत साठलेला चिकटा मशीनने ओढून काढायच्या, तेव्हा आम्ही दाराबाहेर उभे असायचो. निघायच्या दिवशी कुणीतरी घाईघाईत पाच मिनिटं दाखवलं, तेवढंच. पहिल्याच रात्री दोन वाजता बाबांच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, आणि मी मशीनची नळी कुठल्या तोंडाला लावायची ते शोधत बसलो. गळ्यातल्या नळीच्या आत बसणारी दुसरी नळी काढून बघायचं आईला सुचलं म्हणून निभावलं. नळीत वाळलेल्या चिकट्याचं बूच बसलं होतं.

पुढे चौदा महिने ती नळी आमच्या घरात होती. घरी येणारा प्रत्येक जण गळ्यातल्या भोकाकडे बघून दचकायचा. आम्ही मात्र तोवर कोरड्या हवेला घाबरायला शिकलो होतो, कारण आमच्याकडची जवळजवळ प्रत्येक आणीबाणी वाळलेल्या चिकट्याने आणली. मी डॉक्टर नाही. तुमच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच पाळा.

एक शब्द आधीच सोडवून घेऊ. हॉस्पिटलमध्ये "कफ फुगवलाय" असं ऐकलं की आपल्याला वाटतं छातीतला कफ वाढला. तिथे कफ म्हणजे नळीच्या खालच्या टोकाला असलेला फुगा. आमच्याकडे या एका शब्दावरून दोन दिवस गोंधळ चालला होता. म्हणून इथे मी त्याला फुगाच म्हणेन, आणि छातीतून येतो त्याला चिकटा.

१. ही नळी नेमकी कुठे बसते

बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते. डोकं मागे करून हनुवटी वर उचलणं हा पहिला उपाय. तेवढ्याने भागलं नाही तर तोंडातून वाकडा प्लास्टिकचा एअरवे घालतात किंवा नाकातून मऊ नळी सरकवतात. शुद्धीवरच्या माणसाला तोंडातला एअरवे सहन होत नाही, उमासे येतात. हे दोन्ही प्रकार फक्त जिभेमागची जागा उघडी ठेवतात. त्याखाली जायचं तर स्वरतंतूंमधून जाणारी एन्डोट्रॅकियल ट्यूब लागते. आयसीयूत तोंडातून व्हेंटिलेटरला जोडलेली दिसते ती हीच.

ती फार दिवस ठेवावी लागणार असेल, किंवा गाठीने अथवा सुजेने वरची वाटच बंद झाली असेल, तर गळ्याच्या पुढून, स्वरयंत्राच्या खाली भोक पाडून थेट श्वासनलिकेत नळी बसवतात. ही ट्रॅकिओस्टॉमी. हवा आता नाकातोंडाला वळसा घालून जाते, आणि स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही म्हणून आवाज जातो. बाबांचा मेंदू, घसा सगळं ठीक होतं, तरी त्यांना हाक मारता येत नव्हती. घरी आणल्या आणल्या हाताशी एक घंटा आणि एक पाटी ठेवा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी विसरलं जाणारं सामान.

२. नळीचे भाग हातात घेऊन बघा

घरी ठेवायची जादा नळी मिळेल, ती उघडायच्या आधी सिस्टरकडे नमुन्याची नळी मागा आणि प्रत्येक भाग हाताळा.

बाहेरची नळी गळ्यात कायम राहते. गळ्यावर टेकणाऱ्या तिच्या पंखांवर आकार छापलेला असतो. आतली नळी बाहेरच्या नळीत सरकते आणि धुवायला काढता येते. काही नळ्यांना आतली नळी नसतेच, लहान मुलांच्या नळ्यांना तर बहुधा नाहीच. मग अडकल्यावर काढायला काही उरत नाही आणि सगळी भिस्त सक्शनवर. तुमची कुठली, हे आजच विचारा.

फुगा असला तर बाहेर एक बारीक नळी लोंबते आणि तिच्या टोकाला चिमुकला फुगा असतो. बाहेरचा टणक म्हणजे आतलाही फुगलेला. बोथट टोकाचा दांडा, ज्याला ऑब्ट्युरेटर म्हणतात, तो नवी नळी घालताना वाट दाखवायला लागतो. नळी बसली की लगेच काढायचा, कारण तो आत असताना हवा जात नाही.

एक सापळा इथेच सांगतो. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) किंवा व्हेंटिलेटर जोडायचं १५ मिमीचं तोंड काही नळ्यांमध्ये आतल्या नळीवर असतं. धुवायला आतली नळी काढली आणि त्याच वेळी बॅग लावायची वेळ आली, तर बॅग बसतच नाही. अशा रुग्णाजवळ स्वच्छ जादा आतली नळी हाताच्या अंतरावर हवी.

३. डिस्चार्जआधी हे मिळवा

कागद:
- डिस्चार्ज समरी, त्यात ट्रॅकिओस्टॉमी कुठल्या तारखेला आणि का केली हे स्पष्ट लिहिलेलं
- नळीची कंपनी, प्रकार, आतला व्यास मिमीमध्ये, फुगा आहे की नाही, नळीला वर छिद्रं आहेत की नाही
- नळी शेवटची बदलल्याची तारीख आणि पुढची तारीख
- रात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर

आणि एका प्रश्नाचं लेखी उत्तर: वरची वाट उघडी आहे का? म्हणजे नळी निघालीच तर तोंडावर मास्क लावून श्वास देता येईल का? गाठीमुळे वाट बंद असेल तर तोंडाने दिलेली हवा आत जाणार नाही. स्वरयंत्रच काढून टाकलेल्या रुग्णाच्या गळ्यालाही असंच भोक दिसतं, पण त्याच्या तोंडाचा फुफ्फुसांशी काही संबंध उरलेला नसतो. तिथे ऑक्सिजन फक्त भोकावर. ब्रिटनमधल्या नॅशनल ट्रॅकिओस्टॉमी सेफ्टी प्रोजेक्टने यासाठी खाटेच्या डोक्याशी लावायच्या दोन रंगांच्या पाट्या केल्या आहेत: ट्रॅकिओस्टॉमीला हिरवी, स्वरयंत्र काढलेल्याला लाल. आम्ही साध्या कागदावर मोठ्या अक्षरात "वरची वाट उघडी आहे" असं लिहून भिंतीला चिकटवलं. पाहुणे विचारायचे, आम्ही सांगायचो.

शिक्षण: घरातल्या किमान दोघांनी, सिस्टरच्या देखत, स्वतःच्या हाताने सक्शन, आतली नळी धुणं आणि नळी मानेला बांधायची दोरी बदलणं केलेलं असू द्या. बघून येत नाही. "उद्या दाखवू" म्हणाले तर डिस्चार्जही उद्याच घ्या. आम्ही एवढं म्हणालो नाही, आणि पहिल्या रात्री ते भोगलं.

४. उशाशी ठेवायची पिशवी

रुग्ण जिथे जाईल तिथे ही पिशवी जाते. संडासात, तपासणीला, गॅलरीत ऊन खायलासुद्धा.

- त्याच आकाराची एक नळी आणि एक नंबर लहान अशी दुसरी
- ऑब्ट्युरेटर, जादा आतली नळी, दोऱ्या, कात्री
- फुगा असेल तर १० मिलीची सिरिंज
- सक्शन मशीन, कॅथेटर (सक्शनसाठी आत घालायची बारीक नळी) आणि वीज गेली तर चालणारं बॅटरीचं किंवा पायाने दाबायचं सक्शन
- अँबू बॅग आणि मास्क
- पल्स ऑक्सिमीटर, हातमोजे, सलाईन, पाण्यात विरघळणारी जेली, टॉर्च

लहान नंबरची नळी कशाला, असं मलाही वाटलं होतं. नळी बाहेर आली की भोक आकसायला लागतं, मग नेहमीची जात नाही आणि लहान जाते.

अँबू बॅगची भीती वाटते, कबूल. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून रुग्णांच्या गळ्यात अशाच नळ्या बसवल्या. यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबत बसले, आठवडेच्या आठवडे. हे वाचल्यावर ती बॅग मला थोडी कमी परकी वाटली.

५. ओलावा: निम्मं काम इथे होतं

नाक हवेला ऊब आणि ओलावा देतं, धूळ गाळतं. नळीने नाकाला वगळलं की कोरडी हवा थेट आत जाते, चिकटा डिंकासारखा होतो आणि नळीच्या भिंतींवर थर चढतो.

म्हणून नळीच्या तोंडावर एचएमई बसवतात. बोलताना त्याला कृत्रिम नाक म्हणतात. बाहेर जाणाऱ्या श्वासातला ओलावा ते धरून ठेवतं आणि आत येणाऱ्या हवेला परत देतं. ते रोज बदला, आणि चिकट्याने भिजलं तर त्याच क्षणी, नाहीतर तेच बूच होतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं सलाईनचं नेब्युलायझर द्या. नेब्युलायझर देताना एचएमई काढायला विसरू नका, मी विसरलो आहे. पाणी पिण्यावर बंधन नसेल तर शरीरात पाणी भरपूर जाऊ द्या.

चिकटा पातळ, पांढरट असेल तर ओलावा पुरतोय. दोरा सुटतोय, खपली येतेय, कॅथेटर अडखळतंय, म्हणजे कमी पडतोय. सक्शन वाढवण्याआधी ओलावा वाढवा.

सक्शनआधी नळीत दरवेळी सलाईन ओतायची सवय काही ठिकाणी दिसते. त्याने ऑक्सिजन खाली येऊ शकतो आणि वरची घाण खाली ढकलली जाते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ओतू नका.

६. आतली नळी धुणं

दिवसातून किमान दोनतीन वेळा काढून बघा. चिकटा जास्त असेल तर दर चार तासांनी. स्वच्छ दिसली तरी उजेडाकडे धरून आरपार बघा. एका हाताने बाहेरच्या नळीचे पंख धरून दुसऱ्याने आतली फिरवून काढा, लगेच स्वच्छ जादा नळी घाला, ती जागेवर अडकल्याचं तपासा, आणि मगच काढलेली धुवायला न्या. धुताना कंपनीच्या कागदावर लिहिलेली पद्धत पाळा. खरखरीत ब्रशने चरे पडतात आणि चऱ्यांत चिकटा धरतो. एकदाच वापरायची म्हणून आलेली नळी धुऊन पुन्हा घालू नका.

७. सक्शन

घड्याळ बघून सक्शन करू नका. घरघर, नळीत दिसणारा चिकटा, वाढलेली श्वासाची गती, अस्वस्थपणा, खाली येणारा ऑक्सिजन ही बोलावणी आहेत. माणूस खोकून स्वतः बाहेर काढत असेल तर काढू द्या आणि नळीच्या तोंडाशी पुसा.

कॅथेटरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. कॅथेटर फ्रेंच मापात येतात, ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. तेव्हा नळीच्या व्यासाला दीडने गुणा: ८ मिमीच्या नळीला १२ फ्रेंच. जाड कॅथेटर जास्त ओढेल म्हणून मी एकदा मोठा आणला होता. तो चिकट्याबरोबर बाबांची हवाही ओढायचा.

मोठ्या माणसासाठी मशीनचा दाब साधारण ८० ते १२० मिमी पारा. मुलांसाठी कमी, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

क्रम असा:
१. हात धुवा, हातमोजे घाला, रुग्णाला सांगा. झोपेत अचानक घातलं तर कुणीही घाबरेल.
२. ऑक्सिजन चालू असेल तर सांगितल्याप्रमाणे आधी थोडा वेळ वाढवा.
३. कॅथेटरवरचं छोटं छिद्र बोटाने न दाबता कॅथेटर आत सोडा. किती आत, ते जादा नळीच्या लांबीवरून आधीच मोजा: नळीच्या टोकापर्यंत किंवा जेमतेम अर्धा ते एक सेंमी पुढे. त्याखाली श्वासनलिकेची नाजूक त्वचा असते.
४. आता बोटाने ते छिद्र दाबा आणि ओढत बाहेर या. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १० सेकंद. आत घालताना स्वतःचा श्वास धरा. तुम्हाला सोडावासा वाटला की त्यांचीही वेळ झाली.
५. मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. एका वेळी तीनपेक्षा जास्त फेऱ्या नकोत.

तोंडातलं सक्शन शेवटी. तोंडात गेलेलं कॅथेटर परत गळ्यात जाता कामा नये. आमच्याकडे हे दोनदा घडलं, दोन्ही वेळा दमलेल्या माणसाकडून, पहाटे. तेव्हापासून तोंडाच्या कॅथेटरला आम्ही लाल चिकटपट्टी लावायला लागलो.

८. भोक आणि दोरी

भोकाभोवतीची त्वचा रोज सलाईनने पुसा आणि कोरडी करा. मध्ये चीर असलेलं तयार गॉज घ्या. साधं गॉज कात्रीने कापलं तर सुटलेले धागे श्वासाबरोबर आत जातात. पावडर, स्प्रे आणि धूर जवळपासही नको. अंघोळीत पाणी छातीच्या खालीच.

दोरी आणि मान यांत एक बोट जाईल इतकीच जागा. दोरी बदलायला दोन माणसं लागतात, एक फक्त नळी धरून ठेवायला. एकटेच असाल तर नवी बांधून झाल्यावर जुनी कापा. एका खोकल्यात नळी बाहेर येते.

९. फुगा, झडप आणि गिळणं

फुग्याचा दाब २० ते ३० सेंमी पाण्याच्या दरम्यान असावा. कमी असला तर हवा गळते, जास्त असला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. बोटाने दाबून केलेला अंदाज फसवा असतो, दाब मापकानेच मोजून घ्या.

बोलायची झडप श्वास आत घेऊ देते आणि बाहेर सोडताना बंद होते, म्हणून हवा वर स्वरतंतूंकडे जाते आणि आवाज येतो. डेव्हिड म्युअर या स्नायूंच्या आजाराने व्हेंटिलेटरवर असलेल्या तरुणाने स्वतःला बोलता यावं म्हणून अशी झडप तयार केली, ती आज जगभर वापरतात.

झडप किंवा नळीचं तोंड बंद करायचं बूच लावताना फुगा पूर्ण रिकामा असलाच पाहिजे. फुगलेल्या फुग्यावर झडप लावली तर हवा आत जाते आणि बाहेर यायला वाटच उरत नाही. यात माणूस मिनिटांत दगावतो. पहिल्यांदा झडप तज्ज्ञांसमोरच लावा आणि झोपताना काढा.

फुगा फुगवला की अन्न फुफ्फुसात जात नाही, हा समज चुकीचा आहे. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका. सक्शनमध्ये खाल्लेलं किंवा प्यायलेलं दिसलं तर खाणं थांबवा आणि फोन करा.

१०. श्वास अडकला तर

हा क्रम भिंतीवर लावा आणि महिन्यातून एकदा कोरडा सराव करा. धावपळीत डोकं चालत नाही, हात चालतात.

१. ओरडून मदत बोलवा, दुसऱ्याला रुग्णवाहिकेला फोन करायला लावा.
२. नळीच्या तोंडावरचं सगळं काढा: झडप, बूच, एचएमई.
३. आतली नळी काढा. पुष्कळदा इथेच सुटका होते.
४. सक्शन कॅथेटर घालून बघा. सहज गेलं तर सक्शन करा.
५. जात नसेल तर फुगा रिकामा करा. बाजूने थोडी हवा जाऊ शकते.
६. ऑक्सिजन असेल तर भोकावर द्या, आणि वरची वाट उघडी असेल तर तोंडावरही.
७. तरीही श्वास येत नसेल तर ती नळी आता उपयोगाची नाही. बाहेर काढा आणि शिकवलं असेल तशी नवी घाला. तीही जात नसेल तर लहान नंबरची.
८. कुठलीच गेली नाही तर वरची वाट उघडी असलेल्या रुग्णाचं भोक गॉजने झाकून तोंडावरून बॅग द्या. ती बंद असेल तर लहान मुलांचा मास्क भोकावर धरून द्या.

नळी आपोआप बाहेर आली तरी सातव्या पायरीपासून हेच. मात्र शस्त्रक्रियेला साधारण आठवडा झालेला नसेल तर वाट अजून पक्की झालेली नसते, आणि नळी त्वचेखाली भलतीकडे घुसू शकते. म्हणून पहिल्यांदा नळी डॉक्टरांनीच बदलायची, आणि तोवर रुग्णाला घरी आणूच नये.

नळी जोर लावून ढकलू नका. अडली तर मान थोडी मागे करून खांद्याखाली घडी ठेवा, जेली लावा आणि खालच्या दिशेने वळवत घाला.

११. थेट हॉस्पिटल गाठायची वेळ

चिकट्यात गुलाबी रेघ सक्शनच्या खरचटण्यानेही येते. लाल ताजं रक्त आलं तर ते थांबलं तरी निघा. नळीच्या टोकाजवळून मोठी रक्तवाहिनी जाते, आणि मोठ्या रक्तस्रावाआधी कधी कधी असा छोटा इशारा येतो, विशेषतः पहिल्या तीनचार आठवड्यांत. नळी नाडीबरोबर उडताना दिसली तर तेही सांगा.

याशिवाय हिरवा, वास मारणारा चिकटा आणि ताप, भोकाभोवती लाली आणि पू, मान किंवा छातीच्या त्वचेखाली दाबल्यावर कुरकुरणारी सूज, किंवा सक्शन करूनही वर न येणारा ऑक्सिजन.

१२. नळी कधी निघते

मूळ कारण गेलं, खोकून चिकटा स्वतः बाहेर काढता येऊ लागला, गिळणं सुधारलं, की डॉक्टर फुगा रिकामा ठेवून बघतात, लहान नळी घालतात, मग बूच लावून कितपत झेपतं ते पाहतात. घाई तुमच्याकडून नको. बाबांचं बूच पहिल्या वेळी चार तासांत काढावं लागलं. आम्ही खट्टू झालो, पण बाबांनी पाटीवर लिहिलं, "परत बघू."

तिसऱ्या खेपेला जमलं. नळी काढल्यावर भोकावर गॉज आणि पट्टी लावतात. शिवायची गरज बहुतेकांना पडत नाही, काही दिवसांत ते आपलं आपण बुजत येतं. तोवर बोलताना आणि खोकताना पट्टीवर बोट दाबून धरायचं, नाहीतर हवा तिथून निसटते आणि भोक मिटायला वेळ लागतो. बाबा पहिले काही दिवस बोट दाबायला विसरायचे आणि अर्धं वाक्य पट्टीतून फुस्स व्हायचं. आई लांबूनच स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवायची, की ते दाबायचे आणि वाक्य पहिल्यापासून सुरू करायचे.